परीक्षेचे गाणे आणि यंत्रातला आवाज

काल हरिपाठात टाळ धरून उभे राहिलेले पोर आज संगीताच्या परीक्षेचा फॉर्म भरून आले, असे आता आमच्या जत तालुक्यातही ऐकू येते. प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा, मग विशारद आणि त्याच्या पुढे अलंकार, अशी ही पायऱ्यांची वाट. अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या ह्या परीक्षा साधारण एप्रिल-मे आणि नोव्हेंबर-डिसेंबर अशा दोन हंगामांत होतात. दुसरा हंगाम कार्तिकीच्या आसपास येतो, म्हणून आमच्या घरांतून थोडी ओढाताण होते, पण ती निभावता येते. खरी अडचण वेगळीच आहे. शिकवणारा गुरू आठवड्यातून एकदाच भेटतो, आणि मधले सहा दिवस पोराने काय करायचे हे कोणी सांगत नाही. मग पोर मोबाइल उघडते.

त्या मोबाइलमधल्या गाण्याचे करायचे काय, एवढ्यापुरताच हा पाठ आहे. आम्ही यंत्राचे वैरी नाही आणि भगतही नाही. पण यंत्र ऐकून परीक्षेला गेलेली काही मुले आम्ही पाहिली, त्यांतली काही तरली, काही अडली, आणि अडण्याचे कारण बहुतेक वेळा एकच दिसले. ते पुढे ओघात येईलच.

आधी थोडी जुनी हकीगत सांगतो, कारण हा प्रश्न आजचा नाही आणि त्याचे उत्तरही आपल्याच मुलखात पूर्वी मिळालेले आहे.

जतहून मिरज ऐंशी-नव्वद किलोमीटर. उमदी-संखकडच्या माणसाला त्याहून कितीतरी लांब. पण गाण्याच्या दृष्टीने मिरज म्हणजे आपले माहेर म्हणावे असे गाव. कुरुंदवाडचे विष्णु दिगंबर पलुसकर लहानपणी दारूकामाच्या स्फोटात डोळ्यांनी अधू झाले आणि मिरजेस बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे गाणे शिकले. त्या बुवांनी स्वतः विद्येसाठी थेट ग्वाल्हेर गाठले होते. विष्णु दिगंबरांनी ५ मे १९०१ रोजी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले, गाण्याला वर्ग, पुस्तक, स्वरलेखन आणि परीक्षा दिली. १९३१ साली ते मिरजेसच निवर्तले आणि त्याच वर्षी त्यांच्या शिष्यांनी मंडळ स्थापन केले. आज आमचे पोर ज्या परीक्षेला बसते, तिचे मूळ हे असे आपल्या शेजारचे आहे.

विष्णु दिगंबर लाहोरला शाळा चालवीत होते त्याच सुमारास, १९०२ साली, कलकत्त्यास गौहरजानचे गाणे तबकडीवर उतरले. गाणाऱ्याच्या गळ्यापासून गाणे सुटे होऊन दुकानात विकायला आले ते तेव्हापासून. किराण्याचे अब्दुल करीम खाँसाहेब मिरजेत स्थायिक झाले, १९३७ साली वारले, त्यांची कबरही मिरजेच्या दर्ग्यात आहे. त्यांच्या तबकड्या गावोगावच्या दुकानांतून वाजत. गदगच्या एका अकरा वर्षांच्या मुलाने तशी एक तबकडी ऐकली आणि १९३३ साली तो गुरूच्या शोधात घर सोडून पळाला. तेच पुढे भीमसेन जोशी. आता इथे थोडे थांबून बघा माउली. तबकडी तर गावातच मिळत होती. वीस वेळा, पन्नास वेळा ऐकता आली असती. तरी ह्या पोराला घर सोडावेसे वाटले. ग्वाल्हेर, कलकत्ता, जालंदर करीत भटकून ते शेवटी घराजवळच कुंदगोळला सवाई गंधर्वांच्या दारात आले. सवाई गंधर्व हे अब्दुल करीम खाँसाहेबांचेच शिष्य. म्हणजे तबकडीने ओढ लावली, आणि तबकडीतला सूर कसा लागतो हे कळायला त्याच घराण्याच्या माणसापुढे बसावे लागले.

दुसरी हकीगत बेळगावकडची, आणि परीक्षार्थी मुलांच्या तर ती फार कामाची. सुळेभावीचा शिवपुत्र कोमकळी हा मुलगा लहानपणीच मोठमोठ्या गवयांच्या तबकड्या जशाच्या तशा गाऊन दाखवी. ऐकलेली हरकत, घेतलेला श्वास, सगळे हुबेहूब. लोक थक्क होत, त्याला कुमार गंधर्व म्हणू लागले. १९३५ च्या अलाहाबादच्या परिषदेत त्याचे नाव झाले. एखादा बाप म्हणाला असता, आता शिकायचे राहिले काय? पण १९३६ साली त्याला मुंबईस प्रोफेसर बा. र. देवधरांकडे शिकायला ठेवले. देवधर मूळचे मिरजेचे आणि विष्णु दिगंबरांचे शिष्य. ज्या मुलाला तबकडी तोंडपाठ येते, त्याला सूर, ताल, राग पायापासून समजून घ्यावे लागतात, हे देवधरांनी ओळखले आणि वर्षानुवर्षे त्याला शिकवले. पुढे कुमारांचे गाणे कोणाचीच नक्कल राहिले नाही, हे सर्वांना ठाऊकच आहे.

एवढा असामान्य कान असलेल्या पोरालाही तबकडी पुरली नाही. आमच्या-तुमच्या पोरांची गोष्ट त्याहून सोपी नाही.

आपल्याकडे श्रवण, मनन आणि निदिध्यास असा क्रम सांगतात. पोथी ऐकली म्हणजे झाले, असे कोणी म्हणत नाही. ऐकलेले मनात घोळले पाहिजे आणि मग अंगी मुरले पाहिजे. यंत्र श्रवण करवते, ते मात्र उत्तम करवते. हवे तेव्हा, हवे तितक्या वेळा, कंटाळा न करता. पुढचे काम त्याच्याने होत नाही, आणि परीक्षक विचारतो ते नेमके पुढच्याबद्दल. तो पोराला मध्येच थांबवतो. म्हणतो, बाळ, आत्ता आलापात कुठे थांबलास तो स्वर कोणता? म्हणतो, ह्याच बंदिशीला गंधारापासून एक तान घे. म्हणतो, हाताने ताल दे आणि दुगुण म्हण. ज्याने यंत्र गिळले आहे त्याचे पोट तिथे रिकामे निघते. आठ ताना पाठ असतात, त्या ओळीने येतात, चौथीवर थांबवले की पाचवी सापडत नाही, पुन्हा पहिलीपासून सुरू करावे लागते. आम्ही वर म्हटले ते अडण्याचे कारण हेच.

तेव्हा सहा दिवसांचा अभ्यास कसा करावा, ते आमच्या समजुतीप्रमाणे सांगतो.

पहिली गोष्ट, ऐकण्याआधी निवड. अभ्यासक्रमात जो राग आणि जी बंदिश गुरूने नेमून दिली, तीच ऐकावी. मोबाइलमध्ये भूप म्हणून शोधले की पंचवीस गाणी पुढे येतात, त्यांत कोणी शब्द वेगळे म्हणतो, कोणी चालच वेगळी घेतो. घराण्याघराण्यांत असा फरक असतोच, त्यात खोटे कोणी नाही, पण प्रवेशिकेच्या पोराला पंचवीस वाटा दाखवून काय उपयोग? एक ध्वनिमुद्रण गुरूला ऐकवून पक्के करून घ्यावे आणि परीक्षा होईपर्यंत त्याला धरून राहावे.

ह्यात एक सापळा आहे, तो नीट समजून घ्या. भूपात सा रे ग प ध हे पाच स्वर. देशकारातही हेच पाच स्वर. कच्च्या कानाला दोन्ही सारखेच वाटतात. पण भूपाचा जीव गंधारात आणि देशकाराचा धैवतात. भूप संध्याकाळ सरल्यावरचा, देशकार सकाळचा. एखाद्या पोराने देशकार ऐकून तो भूप म्हणून घोटला, तर स्वर एकही चुकणार नाही आणि राग मात्र चुकेल. म्हणून ऐकताना स्वर मोजण्यापेक्षा गवई मुक्काम कुठे करतो ते बघावे. वारीत वाट सगळ्यांची तीच असते, पण कोणती दिंडी कुठे उतरते त्यावरून ती ओळखता येते, तसेच हे आहे. कागद घ्यावा, आलाप ऐकावा, आणि गवई जिथे जिथे विसावला तिथे तो स्वर लिहावा. दहा मिनिटांत राग आपली ओळख सांगतो. परीक्षेत वादी-संवादी विचारले की ते पाठांतराने सांगावे लागत नाही, ते ह्या कागदावरून डोळ्यांपुढे येते.

दुसरी गोष्ट पट्टीची. यंत्रातला गवई काळी एक मध्ये गातो, आमच्या घरची मुलगी त्याच्याबरोबर गायला बसते, खाली गेले की तिचा आवाज विरतो, वर गेले की चिरतो. कोणी म्हणते पोरीला गळा नाही. अहो, गळा आहे, पट्टी तिची नाही! मुलींना पांढरी पाच, काळी चार, काळी पाच अशा पट्ट्या सोयीच्या पडतात, मुलगे आवाज फुटायच्या आधी त्यांच्याच जवळपास असतात, नंतर उतरतात. ज्याची त्याची पट्टी गुरूने ठरवून द्यावी. आता मोबाइलमध्ये पट्टी वरखाली करण्याची सोय आहे खरी, पण फार सरकवले की आवाज माणसाचा राहत नाही, त्याची सवय कानाला लावू नये. त्यापेक्षा मूळ आहे तसे ऐकावे, बंद करावे, आपल्या पट्टीत तंबोरा लावावा आणि मग गावे. एका पट्टीत ऐकून दुसऱ्या पट्टीत गाणे हे पहिल्या आठवड्यात जड जाते, पण ते जमले म्हणजे पोराला सा सापडला, असे समजावे. नुसती नक्कल करणाऱ्याला हे जमत नाही, म्हणून ही एक प्रकारची परीक्षाच आहे.

जुन्या तबकड्यांच्या बाबतीत एक सांगून ठेवतो. त्या किती वेगाने कोरल्या आणि आज किती वेगाने वाजवून मोबाइलवर चढवल्या, हे नेहमी जुळतेच असे नाही. वेग वाढला की पट्टीही चढते. म्हणून अमुक खाँसाहेब अमुक पट्टीत गात, असा वाद तबकडीवरून घालू नये.

तंबोरा घरी असणे आपल्या तालुक्यात दुर्मीळ. मिरजेचे तंबोरे जगभर जातात, २०२४ साली मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळाले, पण त्याची किंमत कोरडवाहू शेतकऱ्याला परवडणारी नाही. अशा घरी मोबाइलवरचा तंबोरा हे यंत्राचे सर्वांत मोठे उपकार आहेत असे आम्ही म्हणू. गाणे ऐकवणाऱ्या यंत्रापेक्षा हा नुसता सूर धरणारा आवाज जास्त शिकवतो, कारण तो पोराच्या वाटेत येत नाही, मागे उभा राहतो. विणेकरी नाही का उभा राहत, तसा.

तिसरी गोष्ट तालाची, आणि ही खास आमच्या वारकरी घरांतल्या मुलांसाठी. आमची पोरे तालाला पक्की असतात, पण ती आठ मात्रांची. भजनी ठेका, धुमाळी, सगळा जन्म आठांत गेलेला. परीक्षेतला त्रिताल सोळांचा. त्यातून पुष्कळ छोट्या ख्यालांच्या बंदिशी नवव्या मात्रेपासून, म्हणजे खालीपासून उठतात. पोर ऐकते, गाणे सुरू झाले तिथेच सम आहे असे धरते, आठ मोजते, पुन्हा सम धरते. त्याला ते चुकल्यासारखे वाटतच नाही, कारण आठ-आठ बरोबर बसतात. फक्त सम आणि खाली यांची अदलाबदल झालेली असते. परीक्षकाने टाळी-खाली दाखव म्हटले की सगळे उलटे पडते.

ह्यावर उपाय सोपा. पहिल्या ऐकण्यात गाण्याकडे लक्षच देऊ नये, तबला ऐकावा. त्रितालात दहाव्या मात्रेपासून डग्ग्याचा घुमारा नाहीसा होतो आणि चौदाव्याला परत येतो. तो जिथे गप्प होतो तिथे खालीचा भाग चालू आहे, हे कानाने पकडावे. एक, पाच, तेरा ह्या मात्रांवर टाळी, नऊवर हात उलटा. हे चार-पाच आवर्तने हाताने दिल्यावर मग मुखडा कुठून उठतो आणि समेवर कोणते अक्षर येते ते बघावे, आणि त्या अक्षराखाली कागदावर खूण करावी. ज्या पोराला टाळ धरता येतो त्याला हे एका संध्याकाळी येते, आम्ही पैजेवर सांगतो.

मग गाणे. एक ओळ ऐकायची, बंद करायचे, आपण म्हणायची. यंत्राबरोबर म्हणू नये. बरोबर म्हटले की आपले चुकलेले आपल्याला ऐकूच येत नाही, गवयाचा आवाज ते झाकून टाकतो. पंगतीत सगळ्यांबरोबर म्हटलेला अभंग पाठ आहे असे वाटते आणि एकट्याला म्हणायला उभे केले की दुसऱ्या चरणाला गाडी अडते, हा अनुभव कोणाला नाही? ओळ अवघड असली तर वेग कमी करून ऐकावी. पूर्वी टेपचा वेग कमी केला की आवाज घोगरा होऊन पट्टी उतरायची, आता पट्टी तीच ठेवून वेग कमी करता येतो. मात्र तान अशी सावकाश ऐकून घेतली तरी ती आपल्या तोंडाने सरगम करून म्हणता आली पाहिजे. सरगम सांगता येत नाही ती तान आपली झाली नाही. ती सोडून द्यावी आणि साधी घ्यावी. साध्या, समजलेल्या, समेवर नेमक्या येणाऱ्या चार ताना परीक्षेत पुष्कळ होतात.

ध्वनिमुद्रणातून काय घ्यायचे याबद्दल आमचे मत थोडे कडक आहे. बंदिश पूर्ण घ्यावी. आलापातले एकच वाक्य घ्यावे, आणि त्याच्यापासून आपली तीन करावीत. एक तिथून सुरू होणारे, एक तिथे संपणारे, एक त्याला मध्ये ठेवणारे. बाकीचा आलाप ऐकून आनंद घ्यावा आणि गवयाकडेच राहू द्यावा.

इथे जुन्या तबकड्यांची एक बाजू सांगितली पाहिजे. त्या तबकडीची एक बाजू तीन-साडेतीन मिनिटांत संपे. गवयाला तेवढ्यात राग उभा करावा लागे. थोडा आलाप, अस्ताई, अंतरा, ताना आणि आटोपते घेणे. कोल्हापूरचे नारायणराव व्यास, विष्णु दिगंबरांचे चिरंजीव द. वि. पलुसकर यांची अशी छोटी ध्वनिमुद्रणे आजही मोबाइलवर मिळतात. परीक्षेत एका रागाला वेळ किती मिळतो? पाच मिनिटे मिळाली तरी पोर नशीबवान. तासाभराची मैफल ऐकून तयारी केलेल्या पोराचा आलापच संपत नाही, परीक्षक घड्याळ बघतो, आणि अंतरा राहून जातो. थोड्या वेळात नीट मांडणी कशी करावी हे ह्या तीन मिनिटांच्या तबकड्यांइतके कोणी शिकवत नाही. पुढे विलंबित ख्याल येतो, तेव्हा लांब मैफली ऐकाव्यात. तोपर्यंत ह्या छोट्या पुरेत.

आता यंत्राचा दुसरा उपयोग, जो लोक करत नाहीत आणि जो आम्हाला पहिल्यापेक्षा मोठा वाटतो. ते यंत्र ऐकवते तसे ऐकतेही. पोराने स्वतःचे गाणे त्यात धरावे. मोबाइल तोंडाजवळ धरू नये, दोन हात लांब ठेवावा, खोलीतला पंखा बंद करावा, तंबोरा जमल्यास दुसऱ्या मोबाइलवर लावावा. एकदा सुरू केले की मध्ये थांबून पुन्हा पहिल्यापासून करू नये, परीक्षेत तशी सोय नसते. आणि लगेच ऐकू नये. लगेच ऐकले की मनातले गाणे अजून कानात घुमत असते आणि सगळे छानच वाटते. दुसऱ्या दिवशी सकाळी ऐकावे. पहिल्या वेळी पोरांना रडू येते. हा माझा आवाज? हे असे? आईबापांनी तेव्हा जवळ असावे, हसू नये. आपला आवाज आपल्याला आतून हाडांतून ऐकू येतो, यंत्र तो बाहेरून ऐकवते, म्हणून परका वाटतो, एवढे समजावून सांगावे. दोन आठवड्यांत ती भीती जाते.

ऐकताना एका दिवशी एकच दोष शोधावा. आज फक्त सा, सुरुवातीचा आणि शेवटचा सारखा आहे का. उद्या फक्त सम. परवा शब्द, कारण आमच्या तालुक्यातली पुष्कळ पोरे घरी कानडी बोलतात, बंदिश व्रज भाषेतली, आणि ह्रस्व-दीर्घ तिन्ही भाषांचे वेगळे. यात कमीपणा काही नाही. भीमसेनांची आणि कुमारांची घरची बोली कानडीच होती. पण शब्द शुद्ध यायला ते मुद्दाम ऐकावे लागतात, आपोआप येत नाहीत. असे सहा दिवसांचे सहा तुकडे ठेवावेत, आणि रविवारी गुरूला त्यांतले दोनच ऐकवावेत, सर्वांत चांगला आणि सर्वांत वाईट. गुरूचा अर्धा तास त्यामुळे नेमक्या जागी लागतो. घरी काय चुकते हे आठवून सांगण्यात जाणारा वेळ वाचतो.

गुरूचाच आवाज परवानगीने धरून आणणे हे तर सगळ्यांत चांगले. त्यांनी आपल्याच पोराच्या पट्टीत, आपल्याच पोराला जमेल अशी बंदिश दोनदा म्हणून दिली, तर मोठ्या गवयाच्या ध्वनिमुद्रणापेक्षा ती पाच मिनिटे जास्त मोलाची. मात्र एक दृश्य आम्हाला अगदी बघवत नाही. वर्गात गुरू गातायत, समोर दहा हात वर, दहा मोबाइल, आणि गळा एकाचाही उघडलेला नाही. एका गुरुजींनी विचारले होते, ‘‘अरे, गाणं तू शिकतोयस का ह्यो तुझा डबा?’’ वर्ग म्हणजे गायची जागा. शेवटची पाच मिनिटे धरायला ठेवावीत, बाकी वेळ डबा पिशवीत.

पखवाजवाल्यांसाठी थोडे. दिंडीत तास न् तास वाजवणारे पोर परीक्षेत चौतालाला अडते, कारण हाताला भजनाची लय आहे आणि बारा मात्रांची गणती नाही. त्याने लेहऱ्याचे ध्वनिमुद्रण घ्यावे. आधी हाताने टाळी देत बोल तोंडाने म्हणावेत, एक, पाच, नऊ, अकरा टाळी, तीन आणि सात खाली, आणि मगच कणीक लावायला बसावे. तोंडाला न येणारा बोल हाताला येत नाही. पेटीवर लेहरा धरून बसणारे माणूस खेड्यात रोज कुठून मिळणार, तेव्हा यंत्र हे वरदानच. पण यंत्राची लय दगडासारखी असते, माणसाची थोडी हलते, आणि वाजवणाऱ्याने ती ऐकून सावरायची असते. म्हणून परीक्षेआधी निदान तीन-चार वेळा हाडामांसाच्या पेटीवाल्याबरोबर बसावे. परीक्षेच्या खोलीत यंत्राचा लेहरा किंवा तंबोरा चालेल असे धरून जाऊ नये, केंद्रावर आधी विचारून घ्यावे.

आणखी एक लहानशी सूचना. वाडीवस्तीवर रेंज येते-जाते. ऐकायचे ते जतला आल्यावर आधीच उतरवून घ्यावे. नाही तर आलाप रंगात यावा आणि मध्येच साबणाची जाहिरात यावी, आणि पोराचा सा त्या साबणाबरोबर वाहून जावा, असे होते. शिवाय मोबाइल हातात असला की पोर गाण्यावरून कुठे घसरेल याचा नेम नाही, हे आईबापांना आम्ही सांगायला नको.

मुलींविषयी मात्र आम्हाला आवर्जून लिहायचे आहे. बाळकृष्णबुवा ग्वाल्हेरला गेले, भीमसेन घरातून पळाले, ह्या गोष्टी आपण कौतुकाने सांगतो. तशी पळून जाण्याची सोय त्या काळी मुलींना नव्हती, आणि आजही एखाद्या वस्तीवरच्या मुलीला रोज जतला पाठवणे कित्येक घरांना जमत नाही. तिच्या बाबतीत हे यंत्र म्हणजे करमणूक नव्हे. रविवारच्या एका तासाला मागचा रविवार जोडून ठेवणारा तो एकच दोर आहे. भजनाला मुलीच्या गळ्याची वाहवा करायची आणि परीक्षेचा विषय निघाला की लग्नाचे बोलायचे, असे करू नये. दोन वर्षे हा दोर तिच्या हातात राहू द्या, आणि रियाजाच्या वेळी तिला पाणी आणायला उठवू नका.

आता शेवटचा भाग, तोही परीक्षेच्याच कामाचा. वरच्या परीक्षांना लेखी पेपर असतो, स्वरलेखन करावे लागते. ऐकलेले कागदावर उतरवण्याचा सराव पोराला पाहिजे, आणि त्यासाठी तयार पुस्तकातल्या बंदिशी उपयोगाच्या नाहीत, कारण त्यांचे उत्तर शेजारीच छापलेले असते. त्याने आपल्या गावातल्या भजनी मंडळातल्या जुन्या माणसाकडे जावे. ह्या सीमेवरच्या गावांत एकाच अभंगाच्या मराठी-कानडी वळणाच्या चाली आहेत. त्या कुठल्याही मोबाइलवर मिळत नाहीत. मोठ्या गायकांची ध्वनिमुद्रणे घरोघर गेल्यापासून सगळीकडे तीच चाल ऐकू येते, आणि गावची चाल म्हणणारे दोन-तीन म्हातारे मागच्या रांगेत गप्प बसतात. त्यांची चाल पोराने धरून ठेवावी आणि ऐकून-ऐकून तिचे स्वर मांडावेत. कोणता स्वर कोमल आहे, ठेका कोणता, सम कोणत्या अक्षरावर. कधी रागात बसेल, कधी बसणार नाही. बसली नाही तर ओढून बसवू नये, आहे तशी लिहावी.

धरताना सुरुवातीला म्हाताऱ्यांचे नाव, गाव आणि तारीख त्यांच्याच तोंडून बोलवून घ्यावी. गौहरजानही आपल्या तबकडीच्या शेवटी स्वतःचे नाव उच्चारीत असे, कारण ती तबकडी दाबायला परदेशी जायची आणि तिथल्या लोकांना गाणारे कोण ते कळायला हवे असायचे. ध्वनिमुद्रण झाले की त्याची एक प्रत म्हाताऱ्यांच्या घरी द्यावी, आणि कागदावरचे स्वर त्यांना गाऊन दाखवावेत. ‘‘आसं न्हवं, हितं जरा वर,’’ असे ते म्हणतील, तिथे खोडून दुरुस्त करावे.

कार्तिकीला निघायच्या आधी हे एकदा उरकून घ्यावे. थंडी पडली की त्यांचा गळा बसतो.